जोंधळ्याच्या दळपात डाळी किती घालाव्या? (सासूबाई आणि माझी फसलेली नऊ धान्यं)

वडगावची_सून
मंडळी, नमस्कार. पाककृतीत टाकू की आरोग्यात ते कळेना, म्हणून इथं टाकते. ॲडमिनना वाटलं तर हलवा.

आमच्या सासूबाई 74 वर्षांच्या, वजन 48 किलो. माहेर नंदगडकडचं, त्यामुळं लहानपण भात आणि नाचण्याच्या भाकरीवर गेलेलं. लग्न होऊन बेळगावात आल्यावर जोंधळ्याची भाकरी शिकल्या. आता दाढा गेल्या. गेलं वर्षभर दोन्ही वेळ मऊ भात आणि त्यावर आमटीचं वरचं पाणी. तळची डाळ आम्हाला वाढायची सवय काही जात नाही. सकाळी चहात बुडवून बेकरीतले दोन बटर. खाली बसल्या की उठताना भिंत धरावी लागते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.4. डॉक्टर म्हणाले, प्रोटीन पण कमी पडतंय, आहार सुधारा. कसा सुधारायचा हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट खुर्चीत बसला होता.

मग मी माझं डोकं चालवलं. पाच किलो जोंधळे, त्यात गहू, नाचणी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, मूग, सोयाबीन आणि मूठभर मेथ्या. मोजमाप असं काही नाही, डब्यात जे उरलं होतं ते. सगळं कच्चंच दळून आणलं. भाकरी थापताना कडा फाटायला लागल्या, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. सासूबाईंनी एक घास तोंडात घातला आणि म्हणाल्या, "ह्यात काय घातलीस गे? पेंड लागतीया की." दुसऱ्या दिवशी दिवसभर पोट धरून बसल्या. नवरा त्या डब्याला 'सरकी पेंड' म्हणतो. सात किलो पीठ शिल्लक आहे.

तर विचारायचं ते हे. प्रमाण काय असावं? डाळी भाजायच्या की नाही? आणि या सात किलोचं काय करू?

खानापूरचा_पावणा
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. म्हैस आहे का?

(गंमत हां वहिनी. थालीपीठ लावा. कांदा, दुधी किसून, तेल सढळ. थालीपिठात सगळे गुन्हे माफ असतात.)

दगडी_चक्की
माझी हिंडलग्याकडं गिरण आहे, बावीस वर्षं. तुमच्यासारखे डबे आठवड्याला चार-पाच येतात, मोबाइलवर व्हिडिओ बघून. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाकरीच्या पिठात गव्हासारखा चिकटा नसतो. ती टिकते ती जोंधळ्याच्या स्टार्चवर. गरम पाणी घातलं की तो स्टार्च फुगतो आणि पीठ धरून ठेवतो. आमच्याकडं त्याला पिठाची विरी म्हणतात. डाळीच्या पिठाला ही विरी नाही. माझा अनुभव असा, की चार किलो जोंधळ्याला एक किलो डाळ इथपर्यंत भाकरी सांभाळते. त्याच्या पुढं गेलं की कडा फुटणार म्हणजे फुटणार, मग हात कितीही बसलेला असो. तुम्ही उकळतं पाणी घालून आधी उकड काढली असती तर थोडी सावरली असती.

दुसरं. डाळ कोरडी, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजायची. कच्च्या डाळीचा जो हिरवट वास येतो ना, तोच तुमच्या सासूबाईंना पेंडीसारखा लागला. भाजल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय आणू नका. गरम धान्य डब्यात घालून आणतात, वाफ धरते, पीठ चार दिवसांत कोंदट होतं आणि दोष गिरणीवर.

तिसरं, सोयाबीन. त्यात वीस टक्क्यांच्या आसपास तेल. दगडाला पीठ चिकटतं, मागच्या गिऱ्हाइकाच्या गव्हात उतरतं, मग भांडण. एकट्या सोयाबीनला मी नाही म्हणून सांगतो. गव्हात मिसळून थोडं असेल तर घेतो. आणि एका वेळी पंधरा दिवसांचंच दळा. बाजरी आणि सोयाबीन असलेलं पीठ लवकर कडू होतं.

आहारवही
मी आहारतज्ज्ञ आहे, चिकोडी तालुक्यातली, सध्या बेळगावात. चक्कीवाल्या काकांनी अनुभवानं जे 4 ला 1 सांगितलं, ते पुस्तकातल्या जुन्या प्रमाणाशी बरोबर जुळतं. राष्ट्रीय पोषण संस्था आता डाळीचा वाटा आणखी वाढवा म्हणते, तीन भाग धान्याला एक भाग डाळ. पण ते ताटाचं प्रमाण आहे, पिठाच्या डब्याचं नव्हे. इथंच बहुतेकांचा घोटाळा होतो.

कारण थोडक्यात. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. जोंधळा, तांदूळ, गहू यांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी. डाळींत ते भरपूर, पण मेथिओनिन कमी, आणि ते धान्यात असतं. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. आता हिशेब बघा. पाच किलो नुसत्या जोंधळ्यात प्रथिनं साधारण 500 ग्रॅम. चार किलो जोंधळे आणि एक किलो डाळ घेतली तर 620 ग्रॅम. वाढ फार मोठी दिसत नाही. पण लायसिन दुपटीच्या वर जातं. म्हणजे जी प्रथिनं आहेत ती शरीराच्या जास्त कामी येतात. खरा फायदा तो.

आता सासूबाईंचं ताट. 48 किलो वजनाला किलोमागे 0.83 ग्रॅम धरलं तरी दिवसाला 40 ग्रॅम प्रथिनं लागतात. उतारवयात स्नायू झिजतात म्हणून 1 ते 1.2 ग्रॅम सुद्धा सांगतात. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.) तुम्ही लिहिलंय त्यावरून अंदाज करते. दोन्ही वेळचा मिळून दीडशे ग्रॅम तांदूळ म्हणजे 12 ग्रॅम. आमटीच्या पाण्यातून फार तर 3. चहातलं दूध आणि बटर मिळून 5-6. झाले वीस. निम्म्यावरच गाडी अडलीय.

आणि आता तुमच्या भाकरीकडं वळते. एका भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ. दिवसाला दोन भाकऱ्या मिश्र पिठाच्या खाल्ल्या तर साध्या भाकरीपेक्षा 3 ग्रॅम जास्त मिळणार. त्याच बाईंना आमटीच्या पाण्याऐवजी 50 ग्रॅम डाळीची घट्ट आमटी दिवसभरात विभागून दिली तर 11 ग्रॅम. त्यासाठी गिरणीत जायची गरज नाही. पळी खालपर्यंत घालायची, एवढंच! धान्य आणि डाळ एकाच घासात पोटात जावी असंही काही नाही. एका दिवसात दोन्ही गेली तरी चालतं.

हिमोग्लोबिनबद्दल एक. 9.4 ला नुसत्या डाळ-भाकरीवर सोडू नका. लोह, बी-12 दोन्ही तपासा, आणि रक्त कुठून जात नाही ना ते पण. बी-12 कुठल्याच डाळीत नसतं.

शेंगाचटणी
तळची डाळ आम्हाला, हे वाचून थांबले. आमच्या घरी पण हेच. माझी आई स्वतः वाढून घेताना पातेलं तिरकं करून वरचं पाणी घेते. तिला विचारलं तर म्हणते, "मला पातळच आवडतं."

जुना_बेळगावी
चर्चा छान चालली आहे, पण मला एक कळत नाही. आमच्या आज्जीनं कुठं लायसिन मोजलं होतं? नव्वदीपर्यंत जगली, शेवटपर्यंत तिचं पाणी तिनं ओढलं. आपल्याकडं कन्नडात म्हणतातच ना, अक्की तिंदव हक्की, जोळ तिंदव तोळ, रागी तिंदव निरोगी. तांदूळ खाणारा पाखरू, जोंधळा खाणारा लांडगा, नाचणी खाणारा निरोगी. पूर्वीचं अन्न सकस होतं, एवढंच. हे डबे-मिश्रण सगळं नवीन खूळ.

आहारवही
काका, म्हण मला पण आवडते. पण आज्जी नुसती भाकरी खात होत्या का, ते आठवून बघा. भाकरीबरोबर झुणका, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दसऱ्यानंतर पावट्याच्या शेंगा, घरी असेल तर ताक. ते मिश्रण ताटात होतं, म्हणून डब्यात करायची वेळ आली नाही.

नुसता जोंधळा म्हणजे काय होतं याचाही इतिहास आहे. दख्खनच्या पठारावर जोंधळ्यावरच जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा नावाचा आजार दिसायचा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, म्हणजे मान, हात, पायाचा वरचा भाग, काळपट चट्टे, जुलाब आणि शेवटी डोक्यावर परिणाम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या (तेव्हाचं नाव न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज) डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास त्याचा संबंध जोंधळ्यातल्या जास्तीच्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी आणि शरीरातल्या नायसिनच्या, म्हणजे बी-3 जीवनसत्त्वाच्या, कमतरतेशी जोडला. आणि नायसिन भरपूर कशात? शेंगदाण्यात! लांडगा झाला असेल तो शेंगाचटणीमुळं, असं मी म्हणेन.

शेंगाचटणी
माझ्या आयडीला आज न्याय मिळाला.

जुना_बेळगावी
ताक होतं हे खरं. चटणी पण रोज असायची, लोखंडी खलात कुटलेली. मान्य. पण विकतची ती मल्टिग्रेन पाकिटं खूळच आहेत, यावर मी ठाम.

वडगावची_सून
काका, त्यावर मी तुमच्या बाजूला. तसलं एक महागाचं पाकीट मी आधी आणलं होतं. पुढच्या बाजूला सात धान्यांची चित्रं. मागं बारीक अक्षरात बघितलं तर पहिलंच नाव गहू, आणि बाकी सगळी धान्यं मिळून जेमतेम दहा टक्के.

आहारवही
घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते. पहिली दोन नावं वाचा, कळतं.

मलप्रभाकाठ
मी बैलहोंगल भागातला. आमच्याकडं खरिपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा आणि जोंधळा. आता गंमत बघा, सोयाबीनचे ट्रक भरून बाजारात जातात आणि घरात एक दाणा शिजत नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं तांबेरा न लागणारं डीएसबी 21 वाण आलं तेव्हापासून पीक हमखास येतं, पण खायची सवय काही आली नाही. तेलाचं पीक म्हणूनच बघतात.

वापरायचं तर कच्चं दळू नका. त्यात पचन अडवणारा एक घटक असतो, तो नीट उष्णतेनंच मरतो. आमच्या घरी रात्री भिजत घालून, सकाळी चांगलं उकळून, चोळून सालं काढून, कडक उन्हात वाळवून मग भाजतात. गव्हाच्या दहा किलोला एक किलो, त्याच्या पुढं नाही. एवढ्यात चव कळत नाही. वहिनींच्या सासूबाईंचं पोट दुखलं ते बहुतेक ह्यामुळंच.

आणि पुंडी पल्ल्या कोणी कसा काढला नाही अजून? अंबाडीचा पाला, तूरडाळ आणि जोंधळ्याच्या कण्या एकत्र मऊ शिजवायच्या, घोटायच्या, वरून लसणाची आणि लाल मिरचीची फोडणी. धान्य आलं, डाळ आली, पालेभाजी आली, आंबटपणा आला. दातांची गरज नाही. आमची आई त्यात मूठभर शेंगदाणे टाकते, पण सासूबाईंसाठी कूट घाला.

वडगावची_सून
अय्या, हे करते! शनिवारच्या बाजारात अंबाडी हमखास मिळते.

मोडाची_मटकी
ताई, मोड आणून सत्त्व करा ना. मी मुलाला जोंधळे आणि नाचणी दोन्हीला मोड आणून, वाळवून, दळून देते. पचायला हलकं.

आहारवही
नाचणीचं चालू ठेवा, फार चांगलं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तांदूळ-गव्हात त्याच्या आसपासही नाही. आणि धान्यांत, डाळींत फायटेट असतं, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं. भिजवल्यानं, मोड आणल्यानं, आंबवल्यानं ते कमी होतं. म्हणून आंबील, इडली, मोडाच्या उसळी.

पण जोंधळ्याच्या मोडांचं थांबवा. जोंधळ्याच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. मूग-मटकीचा नियम इथं चालत नाही. लहान मुलाला तर नकोच.

मलप्रभाकाठ
एकदम बरोबर. पाऊस ओढ देतो आणि जोंधळा गुडघाभर पण नसतो, तेव्हा गुरं त्यात शिरली की दगावतात. गावात प्रत्येकाला माहीत. पण तेच घरात मोड आणून खातो हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मोडाची_मटकी
बापरे. दोन वर्षांपासून देतेय. मुलगा ठणठणीत आहे, पण आजपासून बंद. धन्यवाद.

निपाणी_नाका
थोडं अवांतर. रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात त्याचं काय? आमच्या आईनं निवडून वाटीभर काढले. पाण्यात टाकले तर तरंगतात. हे खाऊन कुठली ताकद येणार?

अंगणवाडी_डायरी
दादा, ते दाणे टाकू नका हो. रोज दहा बायकांना हेच समजावते. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून, यंत्रातून दाण्याच्या आकारात काढलेले असतात. साध्या शंभर किलोत एक किलो मिसळतात. रंग जरा पिवळट, वजनाला हलके, म्हणून तरंगतात. शिजवून बघा, भाताबरोबर मऊ होतात. प्लास्टिक कधी मऊ होऊन बोटानं चिरडलं जातं का? फक्त फार पाण्यात खळाखळा धुऊ नका आणि वरचं पाणी फेकताना ते दाणे ओतू नका.

माझं मत विचाराल तर 2013 ला कर्नाटक सरकारची रेशनच्या तांदळाची अन्नभाग्य योजना आली तेव्हापासून घरोघरी भात वाढला आणि भाकरी एका वेळेवर आली. भाताला नावं ठेवत नाही मी. त्या तांदळानं पोटं भरली, मी बघितलंय. पण भाकरी गेली तसा तिच्या जोडीचा झुणका, उसळ पण गेली. भाताबरोबर सार आलं, तेही चमच्याला न चिकटणारं. आमच्या वाड्यावर मी बायकांना एकच सांगते, डाळीचं पातेलं ढवळून वाढा. आणि जेवल्या जेवल्या चहा नको, तासभर थांबा. चहातला तुरटपणा लोह शोषू देत नाही. पानात लिंबू पिळा, त्यानं उलट मदत होते.

निपाणी_नाका
आत्ता एक दाणा शिजवून चिरडला. मऊ आहे. आईला सांगितलं, ती म्हणते "तू खा आधी."

खानापूरचा_पावणा
वहिनी, नंदगडच्या माणसाला हुलग्याचं (कुळथाचं) माडगं विचारा. हुलगे भाजून भरडायचे, पीठ करायचं, पाण्यात गूळ घालून पातळसर शिजवायचं. थंडीत आमच्यात पहाटे हेच. म्हाताऱ्या माणसाला चावायला काय नाही. बघा विचारून, डोळे चमकतील.

दगडी_चक्की
हुलगे आणा दळायला, पण खडे निवडून. हुलग्यातला खडा ओळखू येत नाही, दगडाची टाकी (खाचा) जाते.

वडगावची_सून
सहा आठवड्यांनी लिहितेय, रागावू नका. पूर्ण हकिगत सांगते.

सरकी पेंड थालीपिठातच संपली. दुधी, भरपूर कोथिंबीर आणि दही घालून मऊ लावली, लोण्याबरोबर. नवऱ्यानं सर्वांत जास्त खाल्ली, हे त्याला दाखवून झालं आहे.

नवीन दळप चार किलो जोंधळे, अर्धा किलो हरभरा डाळ आणि अर्धा किलो मूगडाळ, दोन्ही भाजून. उकड काढून भाकरी करते, फुगते. सासूबाईंची भाकरी गरम असतानाच कुस्करून घट्ट मुगाच्या आमटीत दहा मिनिटं भिजत ठेवते, वर तूप आणि लिंबू. याला त्या काला म्हणतात आणि बोटांनी खातात. सकाळी बटर बंद करायचं धाडस झालं नाही, पण चहा आता आंबिलीच्या तासभर नंतर. रात्री मऊ भातावर मेतकूट. मेतकूट घरीच केलं, हरभरा डाळ, उडीद डाळ, थोडे गहू-तांदूळ भाजून. पहिल्या वेळी हिंग जास्त झाला.

पुंडी पल्ल्या दोनदा झाली. "हे धारवाडकडच्या लोकांचं," म्हणाल्या आणि वाटी पुढं केली.

तपासणीत बी-12 बरंच कमी निघालं. त्याची इंजेक्शनं चालू आहेत, लोहाच्या गोळ्या पण. त्यामुळं हिमोग्लोबिन 10.6 झालं त्याचं श्रेय माझ्या आमटीला देत नाही, आहारवही ताई ओरडतील. वजन सव्वा किलोनं वाढलंय. भिंत अजून धरतात.

सगळ्यात अवघड गेलं ते पळीचं. मी ढवळून वाढायला लागले तर त्या वाटी तिरकी करून डाळ परत पातेल्यात. "पोरांना राहू दे." आठवडाभर हे चाललं. शेवटी त्यांची आमटी वेगळ्या छोट्या पातेलीत करायला लागले आणि सांगितलं, ही बिनतिखटाची आहे, पोरं खात नाहीत. आता संपवतात.

परवा माडग्याचं विचारलं. पावणे, तुमचं खरं झालं. स्वतः उठून चुलीपाशी आल्या आणि मला बाजूला सारून हुलगे भाजायला बसल्या. पण दाणे तडतडून निम्मे शेगडीखाली गेले. त्या म्हणतात मातीच्या खापरात असं व्हायचं नाही. लोखंडी कढईत हुलगे न उडता कसे भाजायचे?

खानापूरचा_पावणा
भाजायच्या आधी पाण्याचा हबका मारून तासभर कापडात गुंडाळून ठेवा. मग एका वेळी दोनच मुठी, आणि वर चाळण पालथी.

दगडी_चक्की
आणि उडालेले वेचून डब्यात टाकू नका वहिनी. शेगडीखालचे खडे पण त्यांच्याबरोबर येतात.